एकाच गटाराचं बिल दोनदा? ग्रामपंचायतीचा हिशेब कसा मागावा – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. थोडं लांबेल, पण शेवटपर्यंत वाचा.

आमच्या गावात मारुती मंदिरापासून शाळेपर्यंत बंदिस्त गटार झालं. काम तसं वाईट नाही, दोन ठिकाणी ढापे फुटलेत एवढंच. परवा सहज ई-ग्रामस्वराज (पंचायतींच्या कामांचं आणि खर्चाचं सरकारी पोर्टल) उघडून आमच्या ग्रामपंचायतीची कामं बघत होतो. १५व्या वित्त आयोगाच्या निधीत एका वर्षी 'मारुती मंदिर ते जि. प. शाळा बंदिस्त गटार' आहे आणि पुढच्याच वर्षी 'जि. प. शाळा ते मारुती मंदिर बंदिस्त गटार'. दोन्ही कामं पूर्ण, दोन्हींवर खर्च पडलेला, रकमेत फरक जेमतेम काही हजारांचा.

संध्याकाळी टेप घेऊन गेलो, पुतण्याला दुसरं टोक धरायला लावलं. ११८ मीटर. रस्त्याच्या एकाच बाजूला, एकच गटार. शाळेकडून मोजलं तरी तेवढंच भरतं, हे वेगळं सांगायला नको.

भाऊसाहेबांना (आमचे ग्रामसेवक) विचारलं. पहिल्यांदा म्हणाले, दप्तर ऑडिटला गेलंय. आठवड्याने म्हणाले, एम.बी. (मोजमाप पुस्तिका) शाखा अभियंत्यांकडे आहे. तिसऱ्या खेपेला चहा मागवला आणि म्हणाले, "अहो, तुम्ही तर घरचेच."

खरी गोम इथेच आहे. सरपंच माझी चुलत वहिनी. कारभार दादाच, म्हणजे तिचा नवरा, माझा चुलतभाऊ बघतो, हे गावाला माहीत आहे. उद्या मी तक्रार केली आणि दुसरं काम खरंच कुठेतरी झालेलं निघालं, तर भावकीत कायमचं वाकडं येणार. गप्प बसावं तर तो फुटका ढापा रोज दिसतो. तक्रार न करता नुसते कागद कसे बघता येतील? ग्रामसभेत विचारावं की माहिती अधिकार टाकावा? आणि नेमकं मागायचं काय?

प्रतिसाद १
विचार कसला करताय? सरळ ग्रामपंचायत कायद्याच्या कलम ३९ खाली तक्रार ठोका. सरपंच घरी जातो.

प्रतिसाद २
वरच्या प्रतिसादाचं ऐकू नका. कलम ३९ हे पदावरून काढण्याचं कलम आहे. त्यात चौकशी लागते, निर्णय वरच्या पातळीवर होतो आणि पुराव्याशिवाय गेलात तर तुम्हीच तोंडावर पडाल. मी पंचायत समितीत बरीच वर्षं काढली आहेत म्हणून सांगतो, उलट्या नावाचं काम दर वेळी घोटाळाच असतो असं नाही. कधी मोजमापाची सुरुवात वेगळ्या टोकाकडून धरतात, कधी दुसरा टप्पा शाळेच्या पुढे गेलेला असतो आणि नाव मात्र जुनंच चिकटतं. खरं काय ते मोजमाप पुस्तिकाच सांगेल.

माहिती अधिकाराचा अर्ज करा. त्याचा ठरलेला नमुना म्हणजे जोडपत्र 'अ', त्यावर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे रामायण लिहू नका. 'सर्व कामांची सर्व माहिती' असं मागितलंत की हमखास गोलमाल उत्तर येतं. दोन्ही कामांची नावं पोर्टलवर आहेत तशीच उतरवा आणि अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं, पूर्णत्वाचा दाखला, कामाआधीचे-नंतरचे फोटो आणि नमुना ५ म्हणजे रोकडवहीतल्या त्या नोंदी मागा. झेरॉक्सला पानामागे २ रुपये.

बहुतेकांना माहीत नसलेली गोष्ट म्हणजे, २००५च्या माहिती अधिकार कायद्यात कलम २ मध्ये 'माहितीचा अधिकार' याची जी व्याख्या आहे, त्यात नुसते कागद नाहीत. प्रत्यक्ष कामाची पाहणी करणं, साहित्याचे प्रमाणित नमुने घेणं हेही त्यात येतं. अर्जात 'दोन्ही कामांची जागेवर पाहणी करायची आहे' एवढं एक वाक्य घाला. दोन गटारं कागदावर दाखवता येतात, जागेवर दुसरं आणणार कुठून?

३० दिवसांत उत्तर नाही आलं तर त्यापुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. ते पंचायत समितीकडे जातं. अर्जाची पोच मात्र सही-शिक्क्याची घ्या, 'ठेवून जा' म्हणाले तरी हलू नका.

प्रतिसाद ३
ग्रामसभेबद्दल थोडं. वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. पण तुमच्या बाबतीत सभेत पहिला प्रश्न विचारणं म्हणजे वहिनींना चारचौघांत उभं करणं. आधी कागद हातात येऊ द्या. आणि १५व्या वित्त आयोगाचा ६० टक्के निधी बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांवरच खर्चायचा होता, त्यातला निम्मा स्वच्छतेला, निम्मा पाण्याला. गटारं त्या स्वच्छतेच्या खात्यात बसतात, म्हणून आराखडा भरायला दर वर्षी तेच काम पुढे करतात. आमच्याकडेही गटारांची नावं वाचून गाव मोठं वाटतं.

मूळ लेखक
सगळ्यांचे आभार, विशेषतः प्रतिसाद २ लिहिणाऱ्यांचे. काल अर्ज दिला, पोच घेतली. भाऊसाहेबांनी शिक्का शोधायला वीस मिनिटं लावली.

रात्री दादाचा फोन आला. रागावला नाही. म्हणाला, "मला विचारायचं ना आधी." मी म्हटलं, आता विचारतो, दुसरं गटार कुठाय? तो म्हणाला, बघून सांगतो.

एक शंका राहिली. जागेवरच्या पाहणीला माझ्याबरोबर बांधकामातला एक मित्र नेला तर चालतो का, की त्याचं नाव आधी लेखी कळवावं लागतं? कोणी नेलं असेल तर सांगा.