तुरीच्या तासातला गांजा आणि 'पर्यायी पीक'

धागाकर्ता, नागपूर: तुरीच्या तासांत (ओळींत) गांजाची झाडं सापडली म्हणून आणखी एक कास्तकार आत गेल्याची बातमी वाचली. रेशीम आहे, मधमाशी आहे, शेवगा आहे, मग हे कशाला? आठ दिवसांचं प्रशिक्षण द्या, दोन वर्षांत गांजा बंद होईल. फक्त लोभ सोडायची तयारी हवी.

वावरवाला, यवतमाळ: 'लोभ' हा शब्द वाचून राहवलं नाही, म्हणून लांब लिहितो. मी गांजा लावला नाही, लावणारही नाही. एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यात गांजाच्या लागवडीला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड आहे. लावणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. तरी तो लावतो, कारण घेणारा स्वतः धुऱ्यावर (बांधावर) येतो, आधी उचल देतो आणि मागून रोख मोजतो. कापसाला असं कोण करतं?

तुम्ही सांगता तेच रेशीम मी २०१६ साली केलं. एक एकर तुती लावली, शेड बांधली. प्रशिक्षण झालं, प्रमाणपत्र मिळालं, फोटोही निघाला. कोष तयार झाले तेव्हा जवळपास घेणाराच नव्हता. पाखरू कोष फोडून बाहेर यायच्या आत माल विकावा लागतो, नाहीतर धागा गेला. मी आणि लहान भाऊ पोती घेऊन थेट कर्नाटकात रामनगरच्या कोष बाजारात गेलो. भाव चांगला मिळाला, खोटं बोलत नाही. पण शेडच्या अनुदानाचा हप्ता एका कार्यालयात अडीच वर्षं अडकला आणि तोवर सावकाराच्या व्याजात सगळं गेलं. २०१९ ला तुती मीच उपटली. आई बांधावर उभी राहून पाहत होती.

थायलंडच्या डोंगरांत लोक अफू पिकवायचे. तिथल्या राजाने १९६९ ला प्रकल्प सुरू केला. कॉफी, फळं, भाजीपाला आणि तो विकत घेण्याची सोय आधी आली, अफू उपटणं मागाहून. त्यालाही दशकं लागली. तुमची दोन वर्षं कुठून आली?

पऱ्हाटी, अकोट: बेकायदेशीर पिकावर बोलायचंच तर चोर बीटीवर, म्हणजे चोरून विकल्या जाणाऱ्या कपाशीच्या बियाण्यावर बोला. तणनाशक सहन करणाऱ्या त्या बियाण्याला आजही मंजुरी नाही. जून २०१९ ला अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेने ते उघड पेरलं, माझे काका तिथं हजर होते. तेव्हा असं बियाणं पेरलं तर पर्यावरण कायद्यात ५ वर्षांपर्यंत कैद होती. निंदणाचा (खुरपणीचा) खर्च वाचतो म्हणून कास्तकार गुन्हेगार ठरतो, हा माझा मुद्दा आहे.

वावरवाला, यवतमाळ: गांजा आणि कपाशी एका तराजूत टाकू नका. बिनबिलाचं बियाणं उगवलं नाही तर तक्रार कुठं करणार? मागच्या खरिपात आमच्या गावात तिघांना दुबार पेरणी करावी लागली.

निंदणारी, राळेगाव: दादा, तुमी म्हनता निंदनाचा खर्च वाचते. थो खर्च म्हंजे माही मजुरी. मले वावर नाही. पावसाळ्यात निंदनाचे पैसे येतात त्याच्यावर पोरींची शाळा चालते. आता फवारनीवाला एका दिवसात वावर मोकळं करते. आन् २०१७ ले आमच्या जिल्ह्यात फवारता फवारता मानसं मेली, थे इसरले का? माह्या नणंदेचा नवरा एकोनीस दिवस दवाखान्यात होता.

पऱ्हाटी, अकोट: ताई, ती कीटकनाशकं होती, तणनाशक नव्हे. आणि पाऊस लागून राहिला की मजूर मिळत नाही, तण पऱ्हाटीच्या डोक्यावर जातं. मी माझ्या डोळ्यांनी वावर बुडताना पाहिलं आहे. उगाच भावनेवर नेऊ नका.

निंदणारी, राळेगाव: कीटकनाशक होतं, बरं. पन पाठीवर पंप घेनारा मजूरच होता ना? मानूस मेला त्याले भावना म्हनू नका. मजूर भेटत नाही म्हनता, तर मजुरी किती देता थे लिहा.

धानोऱ्याहून, गडचिरोली: मूळ प्रश्नावर येतो. आमच्या जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, तरी मोहाच्या भट्ट्या लागतात. माझी मामी दारू गाळायची, कारण पावसाळ्यात घरात दुसरा रुपया येत नव्हता. आमच्याकडच्या लेखा-मेंढा गावाला २००९ ला सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाच्या जंगलावरचा हक्क मिळाला, २०११ ला बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. पुढे आमच्या गावानेही बांबू आणि तेंदू स्वतः विकायला सुरुवात केली. तोडीची मजुरी हातात पडू लागली तसं मामीने मडकी फोडली. सगळ्यांनी नाही सोडली. दोन घरं अजून गाळतात, त्यातलं एक आमच्याच नात्यातलं.

धागाकर्ता, नागपूर: 'लोभ' हा शब्द मागे घेतो. रामनगरचं मला माहीत नव्हतं. पण माझा भाचा गांजापायी कॉलेज सोडून बसला आहे, बहीण रोज रडते. पिकवणाऱ्याची अडचण ऐकताना माझ्यासमोर तो असतो, त्यामुळे याहून जास्त मऊ होणं मला जमणार नाही.

वावरवाला, यवतमाळ: भाच्याचं वाचून वाईट वाटलं भाऊ. तुमचा राग मी चुकीचा म्हणत नाही. पण बातमी पुन्हा वाचा. किती झाडं, किती किलो, कोणाचं वावर, सगळं आहे. उचल देऊन गेलेल्याचा उल्लेख आहे का? पुढच्या जूनमध्ये तो दुसऱ्या कोणाच्या तरी धुऱ्यावर उभा राहील.

पऱ्हाटी, अकोट: हे पटलं. चोर बीटीचं मात्र मी सोडत नाही.

निंदणारी, राळेगाव: मजुरीचा आकडा अजून कोनी लिहिला नाही.