मदत हवी आहे: हॅम क्लबच्या अध्यक्षपदाची माळ कुणाच्या गळ्यात घालावी?

मंडळी, नमस्कार. लातूरला आमचा हौशी रेडिओवाल्यांचा, म्हणजे हॅमवाल्यांचा, छोटा क्लब आहे. परवानाधारक पंधरा-सोळा, पण रविवारी रात्री दोन मीटर बँडवर (रेडिओ लहरींचा एक पट्टा) नेटला, म्हणजे रेडिओवरच्या ठरलेल्या बैठकीला, येणारे सहाच. अध्यक्षकाका नऊ वर्षं गाडा ओढतायत. यंदा म्हणाले, "बस्स, आता दुसरं कुणी बघा." नावं विचारली तर सगळे चहाच्या कपात बघायला लागले!

डोळ्यासमोर दोघं आहेत. एक सर, जुने व्हीयू२वाले (वरच्या दर्जाचा परवाना), मोर्स कोडमध्ये पक्के, पण नव्या पोरांवर खेकसतात. दुसरी, नुकताच व्हीयू३ कॉलसाइन (सुरुवातीच्या परवान्याची रेडिओवरची ओळख) मिळालेली मुलगी. परवा भर उन्हात गच्चीवर चढून अँटेनाचा गंजलेला कनेक्टर तिनंच बदलला. अनुभव कमी, पण माणसं जोडते. मतदान घेतलं तर दोन गट पडतील, आणि सोळा माणसांत गट म्हणजे क्लबच संपला.

१९९३च्या किल्लारी भूकंपात हॅमवाल्यांनी निरोप पोचवले होते. तशी वेळ आली तर नेट कंट्रोलला, म्हणजे रेडिओवर कोण कधी बोलणार ते सांभाळायला, शांत डोक्याचं माणूस लागतं. मग ते काम आणि अध्यक्षपद वेगळं करावं का? की वर्षावर्षानं पाळी लावावी? तुमच्याकडं कसं करता? आणि हिशेबाची वही तर कुणीच हातात घेईना, त्यावरही काही सुचवा.