रेडिओ केंद्रांची स्पेक्ट्रम फी: बोलीवर, कमाईवर की अडवलेल्या जागेवर?

मनोरा
रेडिओ लहरी (म्हणजेच स्पेक्ट्रम) सार्वजनिक आहेत, त्यामुळे त्या वापरण्याची फी केंद्रांकडून घ्यावीच. भांडण आहे ते कशावर मोजायची याचं. माझ्या मते केंद्र हवेतली जेवढी जागा अडवतं, तेवढ्याचीच. बोलीचे अनुभव काही बरे नाहीत. ब्रिटनमध्ये पहिल्या राष्ट्रीय खाजगी एफएम परवान्यासाठी सर्वांत मोठी बोली लावणाऱ्याला पैसेच उभे करता आले नाहीत. परवाना दुसऱ्याकडे गेला, त्यातून १९९२ साली क्लासिक एफएम सुरू झालं. भारतात खाजगी एफएम परवान्यांच्या पहिल्या फेरीत बोलीने ठरलेली फी दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढायची. जाहिराती कुठे त्या वेगाने वाढायला? बऱ्याच जणांनी केंद्र सुरूच केलं नाही. २००५ मध्ये सरकारला एकरकमी प्रवेश शुल्क आणि उत्पन्नाच्या ४ टक्क्यांवर यावं लागलं.

हिशेबनीस
साफ असहमत. अव्वाच्या सव्वा बोली लावली तर दोष लावणाऱ्याचा, पद्धतीचा नाही. लहरी पैसे घेऊन द्याव्यात असं अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोसने १९५९ मध्येच मांडलं होतं, तेव्हा लोकांना ते विचित्र वाटलं. फुकट वाटल्या की काय होतं? मालक उद्या केंद्र विकतो आणि लहरीची किंमत स्वतःच्या खिशात घालतो. जनतेला काय मिळालं?

रात्रपाळी
मी छोट्या केंद्रात काम केलंय. वीज, मनोऱ्याचं भाडं, गाण्यांची रॉयल्टी हे सगळं श्रोते असोत-नसोत द्यावंच लागतं. त्यावर आणखी एक ठरावीक रक्कम आली की पहिली गदा बातम्या आणि स्थानिक कार्यक्रमांवर येते, गाणी आपली वाजत राहतात. उत्पन्नातला वाटा परवडतो. वाईट वर्षी फी आपोआप उतरते.

मनोरा
@रात्रपाळी, पण मग चांगलं चालवणाऱ्याने जास्त भरायचं आणि तेवढीच लहर अडवून रेंगाळणाऱ्याने जवळपास काहीच नाही. शिवाय ‘उत्पन्न’ म्हणजे काय यावर वाद आलेच. जाहिरात भगिनी कंपनीच्या नावाने घेतली की झालं!

खरखर
@मनोरा, तुम्ही ‘जागा’ म्हणताय, ती मोजणार कशी? वॅटवर, म्हणजे प्रक्षेपणाच्या ताकदीवर? एफएममध्ये वॅटइतकीच अँटेनाची उंची महत्त्वाची. सपाट जमिनीवर १०० मीटरवरून रेडिओ-क्षितिज (लहरी सरळ जिथवर पोचतात ते अंतर) साधारण ४१ किलोमीटर, २५ मीटरवरून निम्मं. म्हणजे कमी वॅटचं डोंगरावरचं केंद्र खालच्या दांडग्या केंद्राला मागे टाकू शकतं. आणि आवाज नीट ऐकू येतो त्याच्या पलीकडेही बऱ्याच अंतरापर्यंत तीच फ्रीक्वेन्सी दुसऱ्याला देता येत नाही, कारण तिथल्या श्रोत्याला दोघांची खिचडी ऐकू येईल. तो पट्टा कोणाच्या खात्यात धरायचा?
(अवांतर: केंद्रवाले जाहिरातदाराला व्याप्तीचा जो नकाशा दाखवतात, तोच फीसाठी धरा. बघा कसा आकसतो.)

हिशेबनीस
@खरखर, नकाशाचं एकदम पटलं :) पण निर्जन मैदान आणि गजबजलेलं शहर यांना एकच दर? लोकसंख्या धरावीच लागेल. आणि जिथे फ्रीक्वेन्सी मागायला दुसरं कुणी नाही, तिथे देखरेखीच्या खर्चापुरती फी घ्या, हे मी मान्य करतो. रांग लागली असेल तिथे मात्र बोलीच. नाहीतर रांगेत कोण पुढे हे कुठला तरी अधिकारी ठरवणार, आणि ते जास्त महाग पडतं.

रात्रपाळी
आणि बोलीत कधीच न टिकणारे? सामुदायिक केंद्रं, शाळा-महाविद्यालयांची केंद्रं?

मनोरा
त्यांना बोलीत आणूच नये. अमेरिकेत ८८ ते ९२ मेगाहर्ट्झचा पट्टा बिगर-व्यावसायिक केंद्रांसाठी राखलेला आहे, आणि १९९७ च्या कायद्याने व्यावसायिक परवान्यांचा लिलाव आला तेव्हाही त्यांना वगळलं.

हिशेबनीस
राखीव पट्टा चालेल. पण तिथे ‘प्रायोजक’ म्हणून जाहिराती वाजायला लागल्या की मी परत याच धाग्यावर येणार.