अनुभव धागा: स्टीलची भांडी आणि त्यांची मूठ

स्टीलची भांडी घेताना गेज (पत्र्याची जाडी) विचारतो, चकाकी बघतो, पण मूठ फारसं कुणी धरून बघत नाही. आईच्या अंगठ्याला संधिवात आहे. तिच्यासाठी नवी कढई शोधताना आम्ही मुठीकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. एका बाजूला लांब दांडा, समोर छोटा कान अशी घेतली. दोन्ही हातांनी उचलली की मनगटावर ताण येत नाही. चपट्या पट्टीचा दांडा तळव्यात रुततो, जरा जाडसर, गोलसर बघा. तुमचे अनुभव जरूर लिहा, वर पुण्यातल्या तुमच्या भागाचं नाव देऊन.

कोथरूड
तुळशीबागेत गेले की मी दुकानदाराला पातेल्यात पाणी ओतून द्यायला सांगते. रिकामं भांडं काय, कुठलंही हलकंच लागतं! कान एवढे मोठे हवेत की फडक्यासकट बोटं आत जातील.

सदाशिव पेठ
दांडा जोडलाय कसा, ते आधी बघा. रिवेट (आरपार ठोकलेली खिळ्यासारखी जोडणी) मजबूत, पण आतल्या डोक्यांभोवती वरण-पिठलं अडकतं, ब्रश लागतो. वेल्डिंग केलेलं आतून गुळगुळीत, घासायला सोपं. मात्र वेल्डिंगचे नुसते दोन बारीक ठिपके असतील तर घेऊ नका. आमच्याकडच्या एका पातेल्याचा कान गरम आमटी उतरवतानाच निखळला होता. नशीब, ओट्यावरच सांडलं.

सिंहगड रस्ता
चुंबकाबद्दल लिहितो, कारण तो चिकटला नाही की स्टील चांगलं, हा गैरसमज फार आहे. ३०४ ग्रेडच्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, त्याला चुंबक सहसा चिकटत नाही. पण कमी निकेल आणि जास्त मँगनीज असलेल्या स्वस्त २०२ ग्रेडलाही तो चिकटत नाही! म्हणजे चुंबक चिकटला नाही एवढ्यावर स्टील चांगलं ठरत नाही. ग्रेडचा शिक्का आणि आयएसआय चिन्हाजवळ आयएस १४७५६ हा स्टीलच्या भांड्यांच्या भारतीय मानकाचा क्रमांक बघा. इंडक्शनवर वापरायचं असेल तर मात्र तळाला चुंबक चिकटायलाच हवा.

औंध
स्टीलमधून उष्णता सावकाश जाते, त्यामुळे लांब, पोकळ दांडा बराच वेळ हाताला सोसवतो. छोटं भांडं मोठ्या बर्नरवर ठेवलं की ज्योत बाहेर येते आणि दांडा पोळतो. बेकेलाइटची (कडक प्लास्टिकची) मूठ गार राहते, पण तीही ज्योतीत करपते, आणि स्क्रू ढिले होतात. डुगडुगणाऱ्या मुठीने उकळता चहा गाळायचा म्हणजे जीव मुठीत! स्क्रू बाहेरून आवळता येतो का, ते दुकानातच विचारा.

कसबा पेठ
बिनकानाची पातेली वापरणाऱ्यांनी काठ बघावा. जाड, बाहेर वळलेला असला की सांडशी घट्ट बसते. पातळ काठाला ती घसरते.

हडपसर
मी डावरी. चहाच्या भांड्याला एकाच बाजूला चोच असली की मला उलट्या हाताने ओतावं लागतं. दोन्हीकडे चोच असलेली मिळतात, मागून घ्या; घरातल्या उजव्यांचंही काही अडत नाही.