ईमेलवर विसंबून राहू नये

विद्यापीठाचा ईमेल सर्वांना आपोआप येतोच, मग आपत्कालीन सूचनांसाठी मोबाइल क्रमांक वेगळा का नोंदवायचा, असा प्रश्न परदेशात शिकायला जाणाऱ्यांना पडतो; त्याबाबत थोडे सांगतो. अमेरिकेत व्हर्जिनिया टेक या विद्यापीठात १६ एप्रिल २००७ रोजी सकाळी सव्वासातच्या सुमारास वसतिगृहात गोळीबार झाला, पण विद्यार्थ्यांना पहिला ईमेल गेला तो ९ वाजून २६ मिनिटांनी; त्यानंतर थोड्याच वेळात, वर्ग भरलेले असताना, नॉरिस हॉल या वर्गांच्या इमारतीत पुन्हा गोळीबार सुरू झाला. त्या दिवशी ३२ जणांचा बळी गेला. पुढे २००८ मध्ये क्लेरी कायद्यात (विद्यापीठ परिसरातील सुरक्षेविषयीच्या अमेरिकी कायद्यात) दुरुस्ती झाली आणि धोक्याची खात्री पटताच परिसरात विनाविलंब सूचना देणे तेथील विद्यापीठांवर बंधनकारक झाले.

कायदा संस्थेला बांधतो. आपला चालू क्रमांक मात्र आपल्यालाच द्यावा लागतो. प्रवेशअर्जात मायदेशातला क्रमांक दिलेला असतो, तेथे पोहोचल्यावर नवे सिमकार्ड घेतले जाते आणि नोंद जुनीच राहते, ही चूक (माझ्याकडूनही झालेली) फार सर्रास आढळते. शिवाय ज्या क्रमांकावरून सूचना येते तो नाव देऊन जतन करावा आणि फोन ‘डू नॉट डिस्टर्ब’वर असतानाही त्याचा आवाज होईल अशी सवलत सेटिंगमध्ये द्यावी, नाहीतर रात्री तीन वाजता आलेला संदेश सकाळी गजर बंद करतानाच दिसेल. चाचणीचा संदेश इतरांना आला आणि आपल्याला नाही, तर त्याच दिवशी नोंद तपासावी.