मदत हवी आहे: लहान मुलांच्या ओसीडीसाठी (मंत्रचळ) कोल्हापुरात मराठीतून ईआरपी (भीतीला हळूहळू सामोरं जाऊन त्या कृती थांबवायला शिकवणारी थेरपी) कोण करतं?

मंडळी, माझी पेशंट 9 वर्षांची मुलगी, गडहिंग्लजची. सतत हात धुणं, पुन्हा पुन्हा खात्री करणं. सर्ट्रालिन 25 मिग्रॅ सुरू केल्यावर आठवड्याभरात चुळबुळ, चिडचिड, झोप कमी. या गोळीनं सेरोटोनिन (मेंदूतलं निरोप पोचवणारं रसायन) चेतापेशींमधल्या फटीत लगेच वाढतं, ते टिपणाऱ्या रिसेप्टरना जुळवून घ्यायला मात्र आठवडे लागतात. लहान वयात ही अस्वस्थता मोठ्यांपेक्षा जास्त दिसते. घरात बायपोलर (उन्माद-नैराश्याचा आजार) नाही, उन्मादाची लक्षणंही नाहीत. म्हणून गोळी बंद न करता 12.5 वर आणलीय. अशा गोळ्यांवर लहान वयात येऊ शकणाऱ्या आत्महत्येच्या विचारांबद्दलचा अमेरिकी औषध नियामकाचा (एफडीए) 2004 चा इशारा पालकांना समजावलाय. डोस बदलला की नजर ठेवायलाच हवी.

ओसीडीत औषधाचा परिणाम जोखायला 8 ते 12 आठवडे लागतात आणि नुसत्या गोळीवर भागत नाही. आजी दर वेळी "हात स्वच्छ आहेत गं बाळा" म्हणून धीर देते, त्यानंच चक्र घट्ट होतं. त्यामुळे मुलीइतकंच घरच्यांनाही शिकवणारं कुणीतरी हवंय.

राजारामपुरी, शाहूपुरी किंवा सांगली-मिरजेत दर आठवड्याला प्रत्यक्ष बसून ईआरपी करणारं कुणी माहीत आहे का? शनिवार-रविवार मिळाला तर शाळा बुडणार नाही. आणि 12.5 वरून परत 25 वर तुम्ही किती दिवसांनी नेता?