मदत हवी आहे : थेस्मोफोरिया सणाचे शिलालेख कुठे पाहता येतील?

प्राचीन अथेन्समध्ये डिमीटर आणि पर्सेफोनी या मायलेकी देवींच्या नावाने, शरदात पेरणीच्या तोंडावर, तीन दिवस चालणाऱ्या थेस्मोफोरिया या सणाचा मी अभ्यास करते आहे. पुरुषांना तिथे मज्जाव असे आणि मधला दिवस स्त्रिया जमिनीवर बसून उपवासात काढत. अडचण अशी, की पर्सियस डिजिटल लायब्ररी या प्राचीन ग्रंथांच्या ऑनलाइन संग्रहात भाषांतरासह वाचता येणारे या सणाविषयीचे ग्रंथ पुरुषांनीच लिहिलेले आहेत, इ.स.पू. ४११ मधले अॅरिस्टोफेनीसचे नाटकही त्यातलेच. त्या स्त्रियांचा माग मला शिलालेखांतून घ्यायचा आहे, पण ग्रीक मला जेमतेम वाचता येते. अथेन्स परिसरातील शिलालेख इंग्रजी भाषांतरासह मोफत वाचता येतील असा संग्रह कोणास ठाऊक असल्यास, आणि त्यात देवतेच्या नावाने शोध कसा घ्यावा हे माहीत असल्यास, कृपया सांगावे.